मी आवळलेला नळ

४ तारीख, सोमवार

आलो बाई एकदाचे! सामान दारात आडवंतिडवं पडलंय. जेवायचं टेबल अजून उलटंच आहे आणि त्याच्या चार पायांच्या मध्ये बैठक मारून मी हे लिहिते आहे. आमचे हे म्हणाले की राणीसाहेब सिंहासनावर बसल्यात. म्हटलं, बसणारच. ट्रकमधून अर्धं सामान या राणीनंच उतरवलंय.

घर बैठं आहे. तीन खोल्या, मागे छोटं अंगण, स्वयंपाकघराला लागून मोरी. ह्यांनी खिडकीची जागा आल्या आल्या पटकावली, कारण घड्याळं दुरुस्त करायला उजेड लागतो. शेवटची खोली टिटवीला दिली. टिटवी म्हणजे माझी धाकटी नणंद. लहानपणी सारखी ओरडायची म्हणून हे नाव पडलं, ते लग्न झालं तरी सुटलं नाही. तिचा नवरा जहाजावर असतो, म्हणून बाळंतपण होईपर्यंत ती आमच्याकडे आहे. सातवा संपत आलाय. मला मूल झालं नाही, हे मी आता रडून सांगत नाही. पण येणाऱ्या बाळाला पहिल्यांदा मीच घेणार, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

घरमालकीण शेजारीच राहते. हसतमुख बाई. डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. माझी नजर तिथे गेलेली पाहून स्वतःच म्हणाली की जुनी गोष्ट आहे, घरातलीच. घर नीट फिरून दाखवलं आणि जाताना एकच सांगितलं, की मोरीतला नळ गळतो, तो गळू द्यायचा. खाली भांडं ठेवायचं, भरलं की गटारात ओतायचं. पिऊ नका, झाडांना घालू नका, प्लंबरला बोलावू नका. वापरायला दुसरा नळ आहेच.

मी मान डोलावली. पण गळका नळ आणि मी एका छपराखाली राहणं कठीण आहे, हे तिला कुठे माहीत!

६ तारीख, बुधवार

इथल्या बाइंडिंगच्या कारखान्यात रुजू झाले. मालकानं मला शिकंजा फिरवायला सांगितला. पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा असतो तो. मी फिरवला. नंतर तो सोडवायला दोन गडी लागले. सगळे हसले, मीही हसले. माझे हात हे असेच आहेत, दोन्ही सारखे. लग्नाआधीपासून पुस्तकं आवळते आहे, त्यामुळे जे हातात येतं ते आवळलं जातं. मी झाकण लावलेली मधाची बरणी या घरात कोणाला उघडत नाही. मग हे चमच्यानं झाकणाच्या कडेकडेनं टकटक करत बसतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, की आवळायला जोर लागतो, उघडायला धीर लागतो. टिटवीनंही ते वाक्य पाठ केलंय. दोघं बहीणभाऊ मिळून मला चिडवतात.

आणि नवल म्हणजे मी चिडत नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या घरात आमची रोज वाजायची. इथे आल्यापासून एकदाही नाही. काल ह्यांच्या हातून माझी निळी बशी फुटली आणि मी म्हटलं, असू दे. हे माझ्याकडे बघतच राहिले. टिटवी म्हणते, वहिनी, या घराची हवा तुला मानवली.

मोरीत टप, टप चालू आहे. भांडं सकाळी भरलेलं असतं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच.

९ तारीख, शनिवार

सुट्टी होती. दुपारी अंथरुणाला पाठ टेकली आणि तो आवाज डोक्यात शिरला तो निघेना. पान्हा घेतला आणि नळाची मूठ आवळली. थांबला. म्हटलं, बघा, याला म्हणतात हात. एवढ्याशा कामाचा मालकीणबाईंनी केवढा बाऊ केला!

नंतर जे झालं ते अजून मला कळत नाही. टिटवीनं चहा मागितला. नेहमीसारखा, लाडात. हे कामावर वाकले होते. ते उठले, टेबलावरचं भिंतीचं घड्याळ उचललं आणि तिच्या दिशेनं फेकलं. ते तिच्या कानाजवळून गेलं आणि काच सगळ्या खोलीभर झाली. हे! मुंगी पायाखाली आली तर माफी मागणारा माणूस. टिटवी ओरडायच्या ऐवजी हसत सुटली. घाणेरडं हसत होती. मी तिच्या केसांना हात घातला होता. घातला होता, एवढं आठवतं.

मग मोरीतून टप असा आवाज आला आणि सगळं उतरलं. हे खाली बसून काचा वेचायला लागले, टिटवी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. आम्ही तिघांनी ठरवलं की घर बदलण्याचा शीण असेल. नळ पुन्हा गळतोय. माझा हात कमी पडला, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

११ तारीख, सोमवार

प्लंबर आणला. मालकीणबाई बाहेर गेलेली पाहून आणला, हेही लिहून टाकते.

गोल, गाणं गुणगुणणारा माणूस. नळ खोलला आणि म्हणाला, ताई, यात वायसरच नाही. झिजलेला नाही, कोणीतरी मुद्दाम काढलाय. मग पाणी बंद करायला म्हणून तो पाइपच्या मागे मागे अंगणात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बाहेर जाऊन पाहिलं. पाइप भिंतीतून वीतभर बाहेर येतो आणि तिथे करवतीनं कापलेला आहे. पुढे काही नाही. टाकीची नळी तिकडे दूर, दुसऱ्या भिंतीला. कापलेल्या तोंडात कोळ्यानं जाळं केलंय. कोरडं.

मग गळतंय ते कुठून? प्लंबरनं डोकं खाजवलं. म्हणाला, भिंतीत ओल असेल, पण ताई, सोडून द्या, जे कळत नाही त्यात हात घालू नये. माझा पारा चढला. म्हटलं, तुला वायसर बसवता येतो की नाही? त्यानं बसवला. गळणं थांबलं. तो हत्यारं आवरायला लागला आणि मला राहवलं नाही. आणखी एक आटा. आणखी थोडा. मूठ कडकन तुटून माझ्या हातात आली. आतला दांडा आतच घट्ट रुतून बसला.

शेजारी उभे होते हे. ते एवढंच म्हणाले, की उगाच आवळलंस. तर प्लंबरनं गुणगुणता गुणगुणता त्यांची मानगूट धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत. ह्यांच्या खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतोच. तो त्यांनी प्लंबरच्या तळहातातून आरपार घातला. मी मध्ये पडले नाही. मला बघायला मजा येत होती. हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण तसंच होतं.

प्लंबरचा हात मोरीवर लोंबकळत होता. रक्त दगडावर पडायला लागलं. टप. टप. आणि शांत. एका क्षणात. प्लंबर आपल्या हाताकडे दुसऱ्याचा असावा तसा बघत होता. ह्यांनी त्याची माफी मागितली, त्यानं ह्यांची मागितली. मी चहा टाकला. आम्ही चक्क हसलो. मग मी त्याच्या हाताला फडकं बांधलं, माझ्या पद्धतीनं, करकचून. गाठ बसली मात्र, त्यानं लाथ मारून चहाचा ट्रे उडवला आणि शिव्या देत चालता झाला.

नळ आता गळत नाही. घरात शांतता आहे. पण ती कान देऊन बसलेल्या माणसासारखी आहे.

१२ तारीख, मंगळवार

कारखान्यात मी माणूस असते. दार उघडून घरात पाय टाकला की दात शिवशिवतात.

आज ह्यांनी माझा चेहरा टेबलावर दाबून धरला, कारण मी चमचा वाजवला. मी त्यांची करंगळी धरली आणि मागे वाकवली, मोडेपर्यंत. घड्याळजीची करंगळी. ती मोडल्याचा आवाज मला आवडला. टिटवी मध्ये पडली. वहिनी, दादा, पुरे झालं, असं ओरडत आली. मी तिला ढकललं. मी. दोन्ही हातांनी. ती पोटावर पडली नाही, कुशीवर पडली, एवढीच मेहेरबानी.

कळा यायला लागल्या. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेली. तपासलं आणि बजावलं, की बाळ ठीक आहे, पण दोन-तीन दिवस पलंगावरून उठवायचं नाही, गाडीतून न्यायचं तर मुळीच नाही. ती निघेपर्यंत मी पदरात स्वतःचा हात स्वतःच धरून उभी होते.

म्हणजे घर सोडता येत नाही. टिटवीला एकटी सोडून आम्हालाही जाता येत नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी जा. ते म्हणाले की माझ्या बहिणीला तुझ्या हाती देऊन? बरोबरच आहे त्यांचं.

टिटवीच्या खोलीला बाहेरून कडी लावली. कडीवर बाइंडिंगचा मेणाचा दोरा गुंडाळला आणि आवळला. आता ती आम्हा दोघांपासून लांब आहे. जेवण खिडकीच्या गजांतून दिलं. तिनं विचारलं, वहिनी, तू मला कोंडलंस का? मी म्हटलं, तुला नाही गं, आम्हाला. तिला कळलं नाही.

१४ तारीख, गुरुवार, सकाळ

नळ उघडायला हवा. हे मला कळलंय आणि ह्यांनाही कळलंय. ह्यांनी पक्कड लावली, तेल सोडलं, कडेकडेनं टकटक केलं. मोडकी करंगळी बाजूला धरून इतक्या धीरानं काम करत होते की मला रडू आलं. दांडा हलत नाही. मग मी पान्हा लावला. माझ्या हाताला उलटं फिरवताच येईना. डोकं म्हणतं सोड, हात म्हणतो आवळ. आवळलाच. आणखी आत गेला.

अति तेथे माती. माझी आई मला हेच सांगून सांगून थकली.

त्याच दिवशी, दुपार

मालकीणबाई आली. नळाकडे पाहिलं आणि जमिनीवर बसलीच. म्हणाली की अगं, वायसर मी काढला होता, माझ्या हातानं. माझ्या सासूनं पाइप कापला होता. तरी गळायचा, तेव्हा कळलं की हे पाणी टाकीचं नाहीच. घरातल्या माणसांच्या पोटातला राग आहे तो. थेंब थेंब बाहेर जातं म्हणून इथे कोणी कोणाला मारत नाही. तोंड बंद केलंस तर ते जाणार कुठे?

हे तिचं बोलणं ऐकत होते. ऐकता ऐकता तिचं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी मोरीच्या कठड्यावर आपटलं.

रक्त आलं. कठड्यावरून आत पडायला लागलं, टप, टप. लगेच आम्ही तिघंही शहाणी झालो. हे तिचे पाय धरून रडायला लागले. मी फडकं घेऊन धावले, तर तिनं माझा हात झटकला. म्हणाली, बांधू नकोस! वाहतंय तोवरच बरं आहे. मग डावा हात वर केला आणि सांगितलं की हा नळ दोनदा गच्च झाला होता, दोन्ही वेळा घरात लहान मूल होतं, आणि दोन्ही वेळा नळ मोकळा होईपर्यंत मोरीत काहीतरी गळतं ठेवावं लागलं. हसतच सांगितलं तिनं. मी तिच्या त्या बोटांच्या जागेकडे बघू शकले नाही.

ती उठली. म्हणाली की दवाखान्याची गाडी घेऊन येते, टिटवीला निजवूनच नेऊ, आणि येताना भिंत फोडायला घण आणते. तोवर सांभाळा. ओढणी डोक्याला धरून गेली. चालताना झोकांड्या जात होत्या.

कठड्यावरचं रक्त सुकायला लागलंय.

नंतर

सुकलं.

ह्यांनी हातोडी घेतली. टिटवीच्या दारावर. तिनं आतून विचारलं, कोण आहे, दादा का? आणि हे गोड आवाजात म्हणाले, हो, मीच. दुसरा घाव दारावर.

मी पान्हा मारला. मागून, कानाच्या वर. ते पडले. श्वास चालू आहे. मी बघितलं. पुन्हा पुन्हा बघतेय. रक्त आलं नाही, नुसती सूज. माझा माणूस. बशी फुटली तर घाबरणारा माझा माणूस—

पान्हा अजून हातात आहे. सुटत नाही.

मी टिटवीच्या दारापाशी का उभी आहे?

नंतर

हात दोऱ्याची गाठ सोडत होता. याच हाताला नळ उलटा फिरवता येत नव्हता. आता गाठ बरोबर सोडवत होता, हळूहळू, धीरानं. मला ऐकू येत होतं की मी म्हणतेय, टिटवे, बाळ दाखव. बाळ मीच पहिल्यांदा घेणार ना.

चावले स्वतःला. मनगटाला. तेवढ्यापुरतं भान आलं.

कारखान्यातून घरी आणलेला लहान शिकंजा मोरीच्या कठड्यावर ठेवलाय. उजवा हात आत. डाव्या हातानं फिरवते आहे. मी आवळलेलं कोणाला सुटत नाही. आज तेच कामाला येऊ दे.

नंतर

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर घाण.

हाडं वाजली. मग कातडी फाटली. पहिला थेंब पडायला फार वेळ लागला.

टप.

किती छान वाटतंय. राग नाही. दुखतंय, पण नुसतं दुखतंय. हे जमिनीवर कण्हतायत, म्हणजे आहेत. म्हणाले, काय केलंस हे? म्हटलं, नळ दुरुस्त केला. हसले थोडे. परत डोळे मिटले.

गाडी येईपर्यंत एवढंच. थेंब चालू राहायला हवा. कमी झाला की मी बोटं हलवते.

नंतर

टिटवी गाणं म्हणतेय आत. घर शांत आहे म्हणून तिची भीती गेली. बाळानं लाथ मारली म्हणून ओरडून सांगितलं मला.

दुसराही आवाज आहे. किर्र. किर्र.

बिजागरीचे स्क्रू. ह्यांचा जुना स्क्रू-ड्रायव्हर तिच्याकडे— मी कडी बांधली, बिजागऱ्या नाही बांधल्या. ओरडले, नको, पडून राहा. ती म्हणाली, वहिनी, तू कण्हतेस ते मला ऐकू येतंय. थांब, आले. उघडायला धीर लागतो.

दार आडवं झालं

दारात उभी आहे. पोट धरून. माझा हात बघितला तिनं. किंचाळली नाही. माझी शहाणी पोर. ओढणी काढली. फाडतेय.

नको म्हटलं. सांगतेय, टिटवे, वाहू दे, वाहतंय तोवरच— ती रडतेय, म्हणते, तू गप्प बस वहिनी, तुझ्याकडूनच शिकलेय, करकचून बांधते बघ

गाडीचा आवाज येतोय. कोपऱ्यावर आली असेल. अजून थोडं फक्त

मनगटाला गुंडाळतेय. पहिला वेढा. थेंब थांबून थांबून पडायला लागलेत

पान्हा माझ्या डाव्या बाजूला आहे तो उचल टिटवे फेक लांब फेक

दुसरा वेढा

पट्टी नको टिटवे डावा हात मोकळा आहे माझा पट्टी न